जुन्या ट्रॅक्टरचा क्लच चिकटतो तेव्हा...

चाकणची ओळख आज मोटारींच्या कारखान्यांची असली, तरी खेड तालुक्यातील शेतांत जुने ट्रॅक्टर अजून राबत आहेत. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सने २०२४ मध्ये ट्रॅक्टरचा व्यवसाय बंद केल्याने तिचे जुने 'बलवान' जपणे अधिकच अगत्याचे ठरते.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचा क्लच अनेकदा चिकटतो. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट स्प्रिंगच्या दाबाने आवळलेली असते. दमट हवेत लोखंडावर गंज चढतो आणि प्लेटचे अस्तर त्याला धरून बसते. मग पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून सुटत नाही. गिअर टाकताना खरखर होते.

प्रथम पेडलची मोकळी चाल तपासावी. ती योग्य असल्यास पेडल पूर्ण दाबून लाकडी ठोकळ्याने एक-दोन दिवस अडकवून ठेवावे. त्यानंतर न्यूट्रलमध्ये इंजिन तापवावे. तरीही पकड न सुटल्यास मोकळ्या शेतात पेडल दाबून ट्रॅक्टर गिअरमध्ये चालवतात आणि वेग कमी-जास्त करतात. त्या हिसक्याने प्लेट सुटू शकते. मात्र गिअरमध्ये सुरू होणारा ट्रॅक्टर तत्क्षणी झेप घेतो. त्यामुळे हे काम जाणकारानेच करावे. पुढेमागे कोणीही नसावे. आत डिझेल वा तेल ओतू नये. तेलकट अस्तर घसरू लागते.

हे उपाय फसल्यास इंजिन आणि गिअरबॉक्स अलग करावे लागतात आणि कांदा लागवडीचे मोलाचे दिवस वाया जातात. म्हणूनच ट्रॅक्टर दीर्घकाळ उभा करताना पेडल दाबून ठेवणे, हाच स्वस्त विमा होय.