कुलपति आणि कुलगुरु

विद्यापीठाच्या पदवीदान-समारंभांत व्यासपीठावर दोन मानाच्या खुर्च्या असतात. एक कुलपतींची, दुसरी कुलगुरूंची. या दोहोंतील भेद पुष्कळांना नीटसा ठाऊक नसतो. तो समजण्यास 'चॅन्सेलर' या शब्दाचें चरित्र पाहिलें पाहिजे.

रोमन न्यायसभेंत न्यायासन व लोक यांच्यामध्यें जाळीदार कठडा असे. त्यास लॅटिन भाषेंत 'कॅन्सेली' म्हणत. त्या कठड्यापाशीं उभा राहणारा हुजऱ्या तो 'कॅन्सेलॅरियस'. कालांतरानें हाच हुजऱ्या लेखक झाला, लेखकाचा चिटणीस झाला, आणि अखेर राजमुद्रा त्याच्या हातीं आली. इंग्लंडांत ज्यांना सामान्य कायद्यानें दाद मिळत नसे ते राजाकडे अर्ज करीत. ते अर्ज लॉर्ड चॅन्सेलरकडे जात. त्यांतूनच चॅन्सरी न्यायालय उदयास आलें. १८७३ व १८७५ च्या कायद्यांनीं त्याचें वेगळें अस्तित्व संपलें, आणि २००५ च्या कायद्यानें लॉर्ड चॅन्सेलर न्यायसंस्थेचे प्रमुखही राहिले नाहींत.

ऑक्सफर्ड विद्यापीठांत हें पद तेराव्या शतकापासून आहे. पुढें तें दरबारांतील बड्या असामींना मिळूं लागलें. त्यांना विद्यापीठांत राहण्यास सवड नसे; म्हणून रोजचा कारभार उपाधिकाऱ्याकडे, म्हणजे व्हाइस-चॅन्सेलरकडे, आला. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्यें स्थापन झालें तें याच धर्तीवर. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हे चॅन्सेलर, व सर विल्यम यार्डली हे न्यायाधीश व्हाइस-चॅन्सेलर झाले. १८९२ मध्यें न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे त्या जागेवर आलेले पहिले भारतीय होत.

आतां नांवांचा घोळ पाहा. प्राचीन व्याख्येप्रमाणें दहा हजार मुनींना अन्न देऊन शिकवितो तो कुलपति. कालिदासाच्या 'शाकुंतला'त कण्वांना हीच संज्ञा आहे. महाराष्ट्रांत चॅन्सेलर तो कुलपति व व्हाइस-चॅन्सेलर तो कुलगुरु. हिंदी भाषेंत मात्र पुष्कळ ठिकाणीं व्हाइस-चॅन्सेलरलाच कुलपति म्हणतात. चॅन्सेलर तेथें कुलाधिपति. म्हणून काशीचे कुलपति आपल्याकडे आले तर ते आपल्या अर्थानें कुलगुरु समजावेत!

महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यान्वयें सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपति राज्यपाल असतात. अध्यापन, परीक्षा व कारभार यांची जबाबदारी कुलगुरूंवर. मग कुलपतिपद केवळ शोभेचें काय? तसें नाहीं. शोध-समितीनें सुचविलेल्या नांवांतून कुलगुरूंची निवड कुलपतीच करतात. या निवडींत राज्य सरकारचा हात किती असावा, यावर २०२१ सालीं विधिमंडळांत मोठा वाद झाला. त्या वेळीं संमत झालेलें विधेयक पुढें मागें घेण्यांत आलें. वाद पदव्यांच्या डौलाचा नव्हता. आपल्या मुलांना कोणी शिकवावें व त्यांची परीक्षा कशी व्हावी, हें ठरविणाऱ्या माणसाची निवड विद्वत्तेवर होणार कीं मर्जीवर, हा खरा प्रश्न होता. प्रत्येक नव्या कुलगुरूच्या नेमणुकीच्या वेळीं सुशिक्षित पालकांनीं तोच प्रश्न विचारला पाहिजे.