ढग आले की रात्र उजळते

अवसेची रात्र आणि त्यात आभाळ भरून आलेलं, म्हणजे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. ताऱ्यांचा जो काही अंधूक उजेड जमिनीवर पोचायचा, तोही ढग अडवून धरायचे. माणसांनी आणि जनावरांनी पिढ्यान्‌पिढ्या अशाच ढगाळ रात्री पाहिल्या. शहरांनी हा नियम उलटा करून टाकला आहे आणि तो किती उलटा झाला, हे बर्लिनमध्ये मोजलं गेलं.

मोजण्याचं यंत्र अगदी साधं. हौशी आकाशनिरीक्षक त्याला ‘एसक्यूएम’ म्हणतात. खिशात मावतं, डोक्यावरच्या आकाशाकडे धरून बटण दाबायचं, की आकडा येतो. हा आकडा ताऱ्यांच्या प्रतीसारखा उलटा चालतो. आकडा जितका मोठा, तितका अंधार जास्त. एकक आहे ‘प्रत प्रति चौरस विकला’. उत्तम काळोखी जागेत तो २२च्या आसपास असतो, मोठ्या शहरात १८ किंवा त्याहूनही खाली. फरक चार आकड्यांचाच दिसतो, पण पाच आकडे म्हणजे शंभर पट, या हिशेबाने चार आकडे म्हणजे जवळपास चाळीस पट उजेड!

संशोधक ख्रिस्तोफर किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं एक यंत्र बर्लिन शहरात आणि दुसरं मध्यवस्तीपासून ३२ किलोमीटर दूर गावाकडे लावलं. २०११मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निरभ्र रात्रीच्या तुलनेत पूर्ण ढगाळ रात्री शहरातलं आकाश १०.१ पट उजळ होतं आणि ३२ किलोमीटरवरही २.८ पट. यंत्राच्या भाषेत शहरातला फरक अडीच आकड्यांचा. मला शहरातल्या आकड्यापेक्षा तो दूरचा २.८ जास्त खटकतो. तिथल्या रानातल्या कुठल्याच जिवाने बर्लिनचे दिवे मागितले नव्हते.

हे घडतं कसं? निरभ्र रात्री दिव्यांचा वर गेलेला उजेड बहुतांशी सरळ अवकाशात निघून जातो. हवेचे रेणू आणि धूळ त्यातला थोडाच परत पाठवतात. रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, तांबडा निसटतो. ढगातले जलबिंदू मात्र प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने फार मोठे, त्यामुळे ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात आणि दृश्य प्रकाश जवळजवळ शोषतच नाहीत. शहरावर जणू पांढरं छत येतं. एरवी निसटणारा तांबडाही मग परत येतो. किबा यांच्याच गटाने पुढे रंगवार मोजणी केली, तेव्हा ढगांमुळे होणारी वाढ निळ्यापेक्षा तांबड्यात जास्त निघाली. मुंबई-पुण्यात पावसाळी रात्री दिसणारं ते तांबूस आभाळ आठवा. सोडियमचे दिवे असतील तिथे त्यांचा रंग तर त्यात असतोच, पण ढगांचाही हात असतो.

पण दिवेच नसतील, तर ढग आजही जुनंच काम करतात. स्पेनमध्ये बार्सिलोनावर ढग आले की आकाश उजळतं आणि तिथून दूर मोन्सेकच्या डोंगरात ते आणखी काळं होतं. म्हणजे एखाद्या जागी ढगांनी आकडा वर जातो की खाली, एवढ्यावरूनही तिथे शहराचा उजेड पोचतो की नाही, हे ताडता येतं.

गोम पुढेच आहे. रात्रीचा उजेड मोजण्याची परंपरा खगोलशास्त्रज्ञांची, आणि त्यांच्या लेखी ढगाळ रात्र म्हणजे फुकट गेलेली रात्र. २०१६चा कृत्रिम आकाशप्रकाशाचा जागतिक नकाशा निरभ्र आकाशाचा आहे. उपग्रहांना ढगांखालचं दिसत नाही, म्हणून ढगाळ चित्रं बाजूला ठेवली जातात. आकाश दरवर्षी सुमारे ९.६ टक्क्यांनी उजळतं आहे, हा २०२३चा गाजलेला निष्कर्षही लोकांनी नोंदवलेल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांवरून काढला, आणि तारे दिसायला आभाळ मोकळंच लागतं. थोडक्यात, शहरांच्या सगळ्यांत उजळ रात्रीच आपल्या नोंदीतून गळतात. तळ्यातल्या डॅफ्नियाला ही सवलत नाही. पिसवेएवढा हा जीव अंधार पडल्यावर वर येऊन शेवाळ खातो. बोस्टनजवळच्या एका तळ्यात शहरी उजेडामुळे त्याचं वर येणं कमी झाल्याचं आढळलं आहे. ढगाळ रात्री त्याचं काय होत असेल, ते निरभ्र रात्रीच्या आकड्यांवरून कळणार नाही.

काळोखं आकाश जपण्याची गोष्ट आता आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. पण आपल्याकडे ढग चार महिने मुक्कामाला असतात आणि नेमके तेव्हाच हौशी निरीक्षक आपली यंत्रं गुंडाळून ठेवतात. ज्यांच्याकडे एसक्यूएम आहे, त्यांनी यंदा ते जूनमध्ये कपाटात टाकू नये. पाऊस थांबला आहे आणि चंद्र नाही, हे पाहून आकडा घ्यावा. शेजारी वेळ लिहावी आणि आकाशाचे आठापैकी किती भाग ढगांनी भरलेत, तेही लिहावं. हवामान खात्याची ढग मोजण्याची रीत हीच आहे.