शब्द एक, अर्थ अनेक : 'क्लास'

आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी वंदना झाल्यावर मुलांचा इंग्रजीचा वर्ग चालतो. मागे एकदा सहावीतली एक मुलगी उठून म्हणाली, "काका, क्लास म्हणजे वर्ग ना? मग 'लो क्लास' म्हणजे खालचा वर्ग, पहिली-दुसरी का?" मुले हसली. आम्हीही हसलो. पण हा शब्द कुठे ऐकलास असे विचारले, तेव्हा आमचे हसू मावळले. तिची आई ज्या सोसायटीत धुण्याभांड्याला जाते, तिथल्या एका बाई शेजारणीला सांगत होत्या, "तिकडे वस्तीत सगळे लो क्लास लोक." आणि त्या बाई परक्या नव्हत्या. आपल्याच समाजातल्या, काही वर्षांपूर्वी याच वस्तीतून तिकडे राहायला गेलेल्या!

त्या दिवशी मुलीला आम्ही अर्धेच उत्तर दिले. उरलेले अर्धे मोठ्यांसाठी आहे, म्हणून ते इथे लिहीत आहोत.

तसा हा शब्द आता घरोघरी नांदतो. मूल शाळेत गेले की क्लास टीचर भेटतात. संध्याकाळचा क्लास लावला की बापाला फीची काळजी लागते. परीक्षेत फर्स्ट क्लास आला तर पेढे, आणि पास क्लास आला तर 'सुटलो एकदाचे'. चहा जमला की तोही फर्स्ट क्लास. कचेरीत साहेबांनी कुणाला झापले की 'आज त्याचा क्लास घेतला' अशी कुजबुज होते. मराठीतला 'वर्ग' शब्दही काही कमी नाही. शाळेतला वर्ग वेगळा, गणितातला वेगळा, आणि आमच्यासारख्या कारकुनाला रोज लिहावे लागते ते 'रक्कम खात्यावर वर्ग केली' आणखी वेगळे.

हे सारे अर्थ निरुपद्रवी आहेत. पण शब्दाचे मूळ पाहिले तर ते माणसांच्या विभागणीतच सापडते. प्राचीन रोममध्ये मालमत्तेप्रमाणे नागरिकांचे गट पाडत. कुणी सैन्यात कोणती शस्त्रे घेऊन यायचे आणि मतदानात कुणाचे वजन किती, हे त्यावर ठरे. या गटाला लॅटिनमध्ये 'क्लासिस' म्हणत. वरच्या गटावरूनच पुढे उत्तम साहित्याला 'क्लासिक' म्हणू लागले. म्हणजे श्रीमंत तो उत्तम, ही खूणगाठ या शब्दात तेव्हापासूनच बसली.

आपल्याकडे ही खूणगाठ रेल्वेने गावोगाव पोहोचवली. गोरगरीब थर्ड क्लासच्या डब्यात कोंबले जात. १९७४ साली रेल्वेने थर्ड क्लास बंद केला, पण तो आमच्या तोंडातून गेला नाही. वाईट सिनेमा थर्ड क्लास, नावडता माणूसही थर्ड क्लास! सरकारी नोकरीतही तेच. कागदोपत्री आता गट-अ ते गट-ड असे लिहितात, पण बोलताना क्लास वन आणि क्लास फोर कायम आहेत. वधू-वर मेळाव्यात 'मुलगा क्लास वन' म्हटले की माना वळतात. क्लास फोरच्या मुलाचा स्वभाव, व्यसन नसणे, शिकण्याची धडपड कुणी विचारीत नाही.

आता हाच शब्द आमच्या इतिहासात कसा आला ते पाहा. इंग्रजी अमदानीत अस्पृश्यांना सरकारी भाषेत 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत. १९३५ च्या कायद्यात त्या जागी 'शेड्यूल्ड कास्ट्स' आले. राज्यघटनेच्या कलम १६(४) मध्ये आणि ३४० मध्ये 'बॅकवर्ड क्लास' हे शब्द आहेत. मंडल आयोगाच्या शिफारशींवरून झालेल्या इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली मान्य केले की, एखादी जातही घटनेच्या अर्थाने मागास वर्ग असू शकते. म्हणजे जो शब्द रस्त्यावर शिवी होतो, तोच घटनेत हक्क होतो.

पण क्लास आणि कास्ट एक नव्हेत, हे परमपूज्य बाबासाहेबांनी फार लवकर सांगितले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्याचे सार असे की, वर्गाने बाहेरच्यांशी बेटीव्यवहार बंद केला, दारे लावून घेतली, की त्या वर्गाची जात होते. वर्गातून माणूस बाहेर पडू शकतो, जातीतून नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत हे उघड दिसे. कामगार म्हणून सारे एकाच वर्गाचे. पण जास्त पगाराच्या विणखात्यात अस्पृश्याला प्रवेश नाही. का, तर तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर स्पष्ट मांडला.

म्हणूनच आम्हाला त्या बाईंच्या शब्दाची भीती वाटते. वर्ग चढून गेलेला माणूस मागे वळून दार लावून घेऊ लागला, तर आपण पुन्हा जातच तयार करीत आहोत. ज्या शिडीने वर गेलो ती कुणी उभी केली? १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांनाही शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. क्लास या शब्दाचा याहून थोर अर्थ आम्हाला माहीत नाही. आम्ही स्वतःही सकाळच्या वर्गाला बसून, मग कचेरी गाठून बी.कॉम. झालो.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलीला उपालीची गोष्ट सांगितली. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले, तेव्हा त्यांचा न्हावी उपाली बरोबर होता. आमचा अभिमान गळावा म्हणून याला आधी दीक्षा द्या, अशी राजपुत्रांनीच विनंती केली. भगवंतांनी तसे केले, आणि राजपुत्रांना आपल्याच न्हाव्याला वंदन करावे लागले. संघात ज्येष्ठता जन्माने नव्हे, दीक्षेच्या क्रमाने ठरे. पुढे उपाली विनयाचे सर्वश्रेष्ठ जाणकार झाले. गोष्ट ऐकून मुलगी म्हणाली, "म्हणजे संघात लो क्लास नव्हताच!"

तेव्हा समाजातल्या क्लास वन बंधू-भगिनींना एकच विनंती. रविवारी सकाळी दोन तास आपल्या जुन्या वस्तीतल्या विहारात या. तिथे एक क्लास भरतो, आणि त्याला शिक्षक कमी पडतात.

जय भीम!