पुडी बदलली, वाट तीच

मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ सालची. अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदाही त्याच वर्षीचा. दोहोंचा एकमेकांशी संबंध काही नाही. पण तिथल्या मिठागरांच्या कडेने इमारती उठू लागल्या, तोवर मुंबईत गर्द येऊन काही वर्षं झाली होती. १९७९ नंतर इराण-अफगाणिस्तानात उलथापालथ झाली, तिकडचं तपकिरी, भेसळीचं हेरॉइन पाकिस्तानमार्गे इथे उतरू लागलं आणि ‘गर्दुल्ला’ हा शब्द मराठीत रुळला. पन्नीवर पूड, खाली पेटती काडी, तोंडात नळी. याला ते लोक ‘चेस करणं’ म्हणत.

अनिल अवचटांनी गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, आणि त्यांच्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू झालं. डॉ. अनिता अवचट यांनी ते उभं केलं. मागे वळून पाहताना नवल वाटतं ते याचं, की गर्द मेंदूत नेमकं काय करते हे तेव्हा जगातल्या प्रयोगशाळांनाही अर्धंच कळलं होतं. अफूजन्य द्रव्यांना धरून ठेवणारे ग्राहक मेंदूतच असतात, हे १९७३मध्ये सिद्ध झालं होतं. दोन वर्षांनी मेंदू स्वतःच बनवतो ती अफूसारखी द्रव्यं, एन्केफॅलिन, सापडली. पण तिथून नशेपर्यंतची वाट धूसर होती. १९८८मध्ये इटलीतल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत मोजून दाखवलं, की मॉर्फिन दिल्यावर न्यूक्लियस अॅकम्बन्स या भागात डोपामिन वाढतं. का वाढतं, ते १९९२मध्ये उलगडलं, आणि उत्तर काहीसं उलटं निघालं. अफूजन्य द्रव्य डोपामिनच्या पेशींना थेट चेतवत नाही. या पेशींवर शेजारच्या गाबा पेशींचा सतत ब्रेक असतो. द्रव्य त्या गाबा पेशींना गप्प करतं. ब्रेक सुटतो आणि डोपामिन वाहू लागतं.

डोपामिन म्हणजे आनंद, असं सर्रास लिहिलं जातं. ते फार ढोबळ आहे. गर्दच्या सुखातला काही भाग डोपामिनवाचूनही मिळतो. डोपामिनचं खरं काम मेंदूला शिकवण्याचं: हे महत्त्वाचं, हे पुन्हा मिळव. म्हणून महिनोन्महिने कोरडा राहिलेला मुलगा जुना अड्डा किंवा नुसती चंदेरी पन्नी दिसली तरी हलतो. टर्की, म्हणजे नशा तोडल्यावर होणारा त्रास, वेगळी. हातपाय फुटणं, जुलाब, उलट्या, झोप उडणं, यात मेंदूतल्या नॉरअॅड्रिनॅलिनचा मोठा हात असतो आणि आठवडा-दहा दिवसांत ते बरंचसं ओसरतं. घरच्यांना वाटतं, सुटला. खरं कठीण त्यानंतरच सुरू होतं. त्यात आणखी एक धोका: मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतली, तर श्वास थांबून माणूस जाऊ शकतो.

२०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातले सुमारे २.१ टक्के लोक अफूजन्य पदार्थ घेत असल्याचं दिसलं. मदतीची गरज असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत होते, त्यांत महाराष्ट्रही होता.

मीरा-भाईंदरच्या बातम्यांतून मात्र आता गर्दपेक्षा ‘एमडी’, म्हणजे मेफेड्रोन, जास्त डोकावतं. २०१५मध्ये ते एनडीपीएसच्या यादीत आलं. ऑक्टोबर २०२०मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय झालं. २०२५मध्ये मीरा रोडला सापडलेल्या एमडीचा माग काढत हे पोलीस तेलंगणातल्या चेर्लापल्लीच्या कारखान्यापर्यंत पोचले. कारवाई मोठी होती, पण आपण यश नेहमी किलोत मोजतो, ही सवय चाळीस वर्षांत सुटलेली नाही.

एमडी अफूच्या कुळातलं नाही. ते ब्रेकबिकच्या भानगडीत न पडता पेशींच्या टोकांतून डोपामिन थेट बाहेर काढतं. पोचतं तिथेच. फरक उपचारांत पडतो. गर्दवर ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन ही औषधं आहेत. ती त्याच ग्राहकांवर बसून तलफ आवरतात. एमडीसाठी अशी मान्यताप्राप्त गोळी अजून नाही. तिथे समुपदेशन, घरच्यांची साथ आणि नेमाने पाठपुरावा हीच मुख्य साधनं आहेत, आणि येरवड्यात १९८६ साली हाताशी होतं तेही बव्हंशी हेच.