मुलांसोबत काम करायला परवानगी नाकारली, तर दाद कुठे मागायची?
कायदा समजून घेताना : लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण पाहिले की ऑस्ट्रेलियात मुलांशी संबंध येणारे काम करायचे असेल, तर आधी सरकारी तपासणीतून जावे लागते. शिक्षक, पाळणाघरातल्या ताई, क्रिकेटचे प्रशिक्षक यांना ती लागतेच, पण सिडनीत सुट्टीच्या दिवशी मराठी शाळेत बाराखडी शिकवणाऱ्या स्वयंसेवकांनाही ती चुकत नाही. न्यू साउथ वेल्स राज्यात २०१२ च्या कायद्यानुसार हे काम ‘चिल्ड्रन्स गार्डियन’चे कार्यालय पाहते. तपासणीत पार पडलेल्याला पाच वर्षांचा क्लिअरन्स मिळतो. नाकारला गेला, तर सर्वसाधारणपणे पुढची पाच वर्षे नव्याने अर्ज करता येत नाही. म्हणजे शिक्षकाची नोकरीच जाते. अशा माणसाने जायचे कुठे, ते आज पाहू.

नकार दोन प्रकारे येतो. खून किंवा मुलांवरील लैंगिक अत्याचार यांसारख्या गुन्ह्यांत प्रौढपणी दोषी ठरलेली व्यक्ती थेट अपात्र ठरते. दुसऱ्या प्रकारात दोषसिद्धी नसतेही. एखादा आरोप, सुटलेला खटला किंवा नोकरीच्या ठिकाणच्या चौकशीत सिद्ध झालेले गैरवर्तन नोंदीत आढळले, की कार्यालय धोक्याचे मूल्यमापन करते आणि त्यावरून निर्णय देते.

२०१४ पासून या निर्णयांविरुद्ध राज्याच्या दिवाणी व प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्याची वाट होती. तिथला प्रश्न फौजदारी कोर्टापेक्षा वेगळा असे. फौजदारी कोर्ट विचारते, ‘याने गुन्हा केला का?’ न्यायाधिकरण विचारत असे, ‘याच्या हाती मुले सोपवली, तर पुढे धोका आहे का?’ म्हणून निर्दोष सुटलेल्यालाही परवानगी नाकारली जाऊ शकते. यामागचे तत्त्व ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने १९८८ मध्ये मुलाच्या ताब्याच्या एका खटल्यात मांडले होते : आरोप सिद्ध झाला नाही, तरी मुलाला न पेलणारा धोका आहे का, हे कोर्टाने पाहिले पाहिजे. मात्र धोका म्हणजे नुसती शंका नव्हे. २००२ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की तो खरा आणि जाणवण्याजोगा हवा. केवळ कल्पनेतला धोका पुरेसा नाही.

तो मोजायचा कसा, हे कायद्यात कलमवार लिहिले आहे. घटना किती गंभीर होती, तिला किती काळ लोटला, तेव्हा अर्जदाराचे वय काय होते, मुलाचे काय होते, दोघांच्या वयात अंतर किती, त्यानंतर अर्जदार कसा वागला, तसे पुन्हा घडण्याची शक्यता किती, हे सगळे तपासायचे. एवढ्यावर भागत नाही. एखाद्या समंजस माणसाने दुसऱ्या कोणाच्या देखरेखीशिवाय आपले स्वतःचे मूल या व्यक्तीजवळ सोडले असते का, याचेही उत्तर ‘हो’ यावे लागते. शिवाय परवानगी देणे जनहिताचे आहे, हेही पटावे लागते. थेट अपात्र ठरलेल्याला तर न्यायाधिकरणापुढे ‘माझ्यापासून धोका नाही’ हे स्वतःच सिद्ध करावे लागे. ‘ग्रंथालयात चालेल, वसतिगृहात नको’ असा अटींचा मधला मार्गही नसतो. क्लिअरन्स मिळतो तो सरसकट सगळ्या कामांसाठी.

२०२५ मध्ये मेलबर्नच्या एका पाळणाघर कर्मचाऱ्यावर अनेक मुलांवरील अत्याचाराचे आरोप ठेवले गेले आणि देश हादरला. त्यानंतर न्यू साउथ वेल्स सरकारने न्यायाधिकरणाची वाट बंद करून फेरविचार ‘चिल्ड्रन्स गार्डियन’च्याच कार्यालयात ठेवण्याची भूमिका जाहीर केली. अशा वेळीही एक दार उरते, ते राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे. (तिथे राज्याचे वरिष्ठ न्यायालय सुप्रीम कोर्ट आणि देशाचे सर्वोच्च न्यायालय हायकोर्ट, म्हणजे आपल्या नेमके उलट.) अधिकारकक्षा ओलांडून दिलेला निर्णय तपासण्याचा सुप्रीम कोर्टाचा अधिकार विधिमंडळाला काढून घेता येत नाही, असे हायकोर्टाने २०१० मध्ये कर्क खटल्यात ठरवले. पण या दोन दारांत मोठा फरक आहे. सुप्रीम कोर्ट पाहते ते निर्णय कायद्याने झाला का, एवढेच. माणूस खरोखर धोकादायक आहे का, याचा पुराव्यानिशी नव्याने विचार करण्याचे काम न्यायाधिकरणाचे होते.

माझे मत स्पष्ट आहे. मुलांची सुरक्षितता सर्वांत आधी, यात तडजोड नको. कायदाही तेच म्हणतो. पण पोरवयातली एखादी चूक किंवा खोटी तक्रार यांवरून कोणाचे आयुष्यभराचे काम जात असेल, तर त्याचे म्हणणे तटस्थ माणसाने ऐकलेच पाहिजे. संस्थांमधील बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने हजारो पीडितांच्या व्यथा ऐकल्या. त्याच कमिशनने २०१५ च्या अहवालात, अतिगंभीर गुन्ह्यांचा अपवाद ठेवून, स्वतंत्र यंत्रणेकडे दाद मागण्याची सोय असावी असे सुचवले. निर्णय देणाऱ्या कार्यालयाला आपली कारणे त्रयस्थापुढे मांडावी लागतात, तेव्हा तपासणीतली ढिलाईही उघडी पडते. त्याचा लाभ मुलांनाच होतो.

पुढच्या आठवड्यात : २०२० च्या ‘पॉक्सो’ नियमांनी आपल्याकडे शाळा, पाळणाघरे आणि क्रीडा प्रबोधिनींतल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी बंधनकारक केली. त्या पडताळणीत एखाद्याचे नाव अडकले, तर त्याने काय करायचे?