डिबुक (चित्रपट)
डिबुक हा १९३७ साली पोलंडमध्ये निर्माण झालेला, मिखाउ वाशिन्स्की दिग्दर्शित यिडिश चित्रपट आहे. तो श. आन्स्की यांच्या नाटकावर आधारलेला असून, आन्स्की यांनी १९१२ ते १९१४ दरम्यान व्होलिनिया व पोडोलिया प्रांतांतील ज्यू वस्त्यांत फिरून लोककथा संकलित केल्या होत्या.

ज्यू लोकसमजुतीनुसार डिबुक म्हणजे जिवंत व्यक्तीच्या देहात शिरलेला मृतात्मा. हा शब्द 'चिकटणे' या अर्थाच्या हिब्रू धातूपासून आला आहे. चित्रपटातील डिबुकाच्या मुळाशी मोडलेला शब्द आहे. सेंडर व निसन हे मित्र आपल्या होणाऱ्या अपत्यांचा विवाह ठरवतात. निसन मरण पावतो. पुढे धनवान झालेला सेंडर कन्या लेआ हिचे लग्न अन्यत्र जुळवतो. निसनचा पुत्र खानन तिला मिळवण्यासाठी गूढविद्येच्या आहारी जाऊन मरतो आणि विवाहाच्या वेळी तिच्या देहात प्रवेश करतो. आत्म्यास घालवण्यापूर्वी रब्बी न्यायसभा भरवून मृत निसनलाही वादी म्हणून पाचारण करतो, हा प्रसंग विशेष उल्लेखनीय होय. डिबुक देह सोडतो. परंतु लेआही प्राण त्यागून त्याच्याकडे जाते.

सर्वांत भयप्रद दृश्य मात्र डिबुकाचे नाही. कवटीचा मुखवटा धारण केलेल्या मृत्यूसोबत नववधू नाचते, ते ते दृश्य होय.

काही चित्रीकरण काझिमिएश डोल्नी या गावी झाले. तेथील ज्यू वस्ती दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने नष्ट केली.