थिबा राजवाडा : रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील एक बंदिवास

वाशीम जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे विदर्भातून कोकणात जाणाऱ्या पर्यटकांच्या यादीत गणपतीपुळे आणि समुद्रकिनारे अग्रक्रमाने असतात. त्या यादीत एक दिवस रत्नागिरी शहरासाठी, विशेषतः तेथील थिबा राजवाड्यासाठी, अवश्य राखून ठेवावा. हा राजवाडा कोकणातील कोणा संस्थानिकाचा नाही. आपला देश पुन्हा कधीही पाहू न शकलेल्या ब्रह्मदेशाच्या अखेरच्या राजाचे ते निवासस्थान होय.

थिबा १८७८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मंडालेच्या गादीवर बसला. वरच्या ब्रह्मदेशातील सागवानाची जंगले आणि फ्रान्सचा तेथे वाढणारा प्रभाव यांवर इंग्रजांची नजर होती. मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने लाकडावरील देणी चुकविल्याचे सांगून राजाच्या दरबाराने १८८५ मध्ये कंपनीला जबर दंड ठोठावला आणि इंग्रजांना निमित्त मिळाले. नोव्हेंबर १८८५ मधील युद्ध दोन-तीन आठवडेही चालले नाही. राजा, राणी सुपयालत आणि कुटुंबीयांना आधी मद्रासला नेण्यात आले. एप्रिल १८८६ मध्ये ते रत्नागिरीस पोहोचले. त्या काळी रत्नागिरीला रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद होत असे. राजाला त्याच्या प्रजेपासून तोडण्यास यापेक्षा सोयीची जागा सापडणे कठीण होते.

सुमारे चोवीस वर्षे राजपरिवार बंगल्यांत राहिला. आज दिसणारा राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला. जांभ्या दगडाचे बांधकाम, उतरती छपरे आणि अर्धवर्तुळाकार नक्षीदार लाकडी खिडक्या ही त्याची वैशिष्ट्ये. वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचे नृत्यदालन आहे. मागील बाजूस बुद्धमूर्ती आहे. उंचावरील या परिसरातून भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र दिसतो. या वैभवात राजाला जेमतेम सहा वर्षे मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये, एकतीस वर्षांच्या बंदिवासानंतर, त्याचे निधन झाले. पार्थिव मायदेशी नेऊ देण्याची विनंती सरकारने मान्य केली नाही. राणी १९१९ मध्ये रंगूनला परतली. राजाची समाधी मात्र रत्नागिरीतच राहिली.

ही समाधी पाहिल्याविना राजवाड्याची सहल पुरी होत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी येथे येऊन आदरांजली वाहिली होती. थोरल्या राजकन्येने रत्नागिरीतच संसार थाटला आणि त्यांची कन्या टुटू याच शहरात मराठी बोलत वाढली. राजकुळाचा एक धागा असा कोकणच्या मातीत मिसळून गेला.

त्यानंतर टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान पाहावे. या दोन वास्तूंमध्ये एक विलक्षण नाते आहे. मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत असतानाच, रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना इंग्रजांनी मंडालेच्या तुरुंगात डांबले होते. १९०८ ते १९१४ या काळातील त्याच तुरुंगवासात ‘गीतारहस्य’ लिहिले गेले. त्याही आधी, अखेरचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर याला रंगूनला धाडण्यात आले होते. १८६२ मध्ये त्याचा तेथेच अंत झाला. माणसाला त्याच्या भूमीपासून दूर नेले की त्याच्या नावाभोवती जमणारी शक्ती विरते, असा साम्राज्याचा हिशेब होता. टिळकांच्या बाबतीत तो साफ चुकला. थिबाच्या बाबतीत तो बराचसा खरा ठरला.

सायंकाळी रत्नदुर्गावरून सूर्यास्त पाहता येतो. मात्र राजवाड्यात शिरताना केवळ छायाचित्रांपुरते न थांबता, पश्चिमेकडच्या त्या खिडक्यांपाशी क्षणभर उभे राहावे. राजाचा देश पूर्वेला होता. त्याच्या वाट्याला मात्र मावळतीचा समुद्र आला.